भट्टीच्या माळावरची बाग

आमच्या घरात शमी जगत नसे. तुळस माजायची, कर्दळी विहिरीच्या कडेला दाटी करायच्या, आणि केवडा तर इतका पसरायचा की परसात जाताना आई पदर आवरून घ्यायची. पण शमीचं रोप आणलं की दोन पावसाळ्यांत त्याच्या फांद्या पिवळ्या पडत, मग काळ्या, आणि एक दिवस ते नुसत्या हाताने उपटून येई. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्याच मराठी घरांची ही तऱ्हा. गणेशचतुर्थीला एकवीस पत्री आपल्याच परसातली वाहायची, विकतची नाही, असा आमच्यात दंडक होता आणि वीस पत्री मिळत. एकविसावीसाठी कुणीतरी पट्टीश्वरमच्या वाटेवर जाऊन शमीचा डहाळा तोडून आणायचा आणि गल्लीभर वाटायचा. याचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वजांनी दख्खन सोडली, कुळाची माती सोडली, म्हणून शमी आमच्यावर रुसली. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की शमी ही आमची एखादी मानी आत्या असावी, असं मला लहानपणी वाटे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कोर्टात नकला उतरवण्याच्या कामावर होते. त्यांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यातल्या बागांचे कारभारी. राज्य खालसा झालं, बागांचं पाणी तुटलं, आणि घराण्याकडे उरलं ते एक छाटणीचं कात्र आणि झाडांबद्दल अधिकारवाणीने बोलायची सवय. कात्र गंजलं, सवय नाही गंजली. अण्णा दिवसभर इतरांच्या भांडणांच्या नकला करत आणि संध्याकाळी परसात हिंडत. एखाद्या पानावर बोट ठेवून उभे राहत. आई आतून हाक मारी की ताकभात वाढलाय, मावडूच्या लोणच्यातली शेवटची बाळकैरी तुमच्यासाठी ठेवलीय. तरी ते तिथेच असत. शेजारच्या गल्लीत कासार पितळेच्या घागरी ठोकत, तो आवाज दिवे लागेपर्यंत चाले. तो थांबला की अण्णा जेवायला येत. आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

गावाबाहेर उंचवट्यावर विटांच्या जुन्या भट्टीचा एक माळ होता. कालव्याचं पाणी तिथे चढत नसे. खाली चहूकडे भाताची हिरवी खाचरं आणि मधे हा राखेचा, खापऱ्यांचा उघड्या डोक्यासारखा माळ. तो एका बड्या मिरासदाराचा होता. आमच्या भागात नवीन आलेल्या गोऱ्या साहेबाला बागांचा फार शौक आहे असं त्या मिरासदाराच्या कानावर आलं आणि त्याने माळावर गावासाठी बाग करायचं मनात घेतलं. राजवाड्याच्या बागकारभाऱ्याचा नातू गावातच आहे म्हणून अण्णांना बोलावणं आलं. बोली अशी झाली की बाग साहेबाच्या पसंतीला उतरली तर ती कायम राहील आणि अण्णा तिचे कारभारी होतील. नाही उतरली तर तिथे भाताची गिरणी येईल आणि उकडलेलं भात वाळवायला तो माळ छान होईल. अण्णा घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नकलांपासून सुटका तर होतीच. पण आपल्या हाताने एक बाग उभी करायची, ही त्या माणसाची आयुष्यातली एकुलती एक इच्छा होती, आणि ती पुरी व्हायची वेळ आली होती. पोळीवर तूप जरा जास्तच घेतलं त्यांनी.

पहिल्या वर्षी त्यांनी काय लावावं, तर साहेबाला जे आवडेल ते. बेंगळूरहून गुलाब आले, क्रोटनच्या कुंड्या आल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले नेचे आले. मधोमध हिरवळ हवी होती. हिरवळ कसली, तर आपली दूर्वाच ती. अण्णांनी गड्यांकडून बांधावरच्या दूर्वांचे गड्डे आणवले. आईला हे कळलं तेव्हा तिने हातातली परात खाली ठेवली. गणपतीच्या मस्तकावर चढते ती दूर्वा साहेब बूट घालून तुडवणार का, एवढंच तिने विचारलं. अण्णांनी बरंच समजावलं की विलायतेत तशीच रीत आहे. आई म्हणाली की विलायतेत गणपती नसेल. हिरवळ लावली गेली, पण चतुर्थीच्या दूर्वा त्या माळावरून आमच्या घरात कधी आल्या नाहीत.

आश्विन-कार्तिकात आमच्याकडे मोठा पाऊस. तोवर सगळं छान होतं. गुलाबांना कळ्यासुद्धा आल्या. पौष सरला, कावेरीचं पाणी आटत आटत वाळूत शिरलं, आणि बायका नदीच्या पात्रात खड्डे खणून पाणी भरू लागल्या. माळावर बैलगाडीने पिपं चढवायची म्हणजे गड्यांच्या नाकीनऊ आले. नेचे गेले. क्रोटनची पानं कागदासारखी वाजू लागली. फाल्गुनात हिरवळीचा काथ्या झाला. गुलाबांनी सगळ्यांत जास्त दिवस झुंज दिली, आणि त्यामुळे त्यांच्याकडे बघवेना. अण्णा रोज संध्याकाळी जाऊन येत. एक दिवस मिरासदारच माळावर आला आणि गाडीतून न उतरताच म्हणाला की गिरणीवाल्याला अजून एक वर्ष थांबायला सांगतो, त्यापुढे नाही.

आज मी हे लिहिते ती खोली सोलापूरकडच्या गावात आहे. लग्नानंतर इकडे आले आणि इथेच म्हातारी झाले. माझ्या तोंडचं मराठी ऐकून इथल्या बायका पदराआड हसत. शिवकालातली बाई आली म्हणत. पुढे मी त्यांच्यासारखं बोलायला आणि पुस्तकांसारखं लिहायला शिकले. पण इथल्या पहिल्या उन्हाळ्यात बांधाबांधावर उभी असलेली शमी पाहिली, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, तेव्हा मला हसू फुटलं होतं. ते का, हे इथे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या चैत्रात अण्णांनी माझ्या मते पहिल्यांदा झाडांबद्दल बोलायचं सोडून झाडं बघायला सुरुवात केली. सुटीच्या दिवशी भर दुपारी ते निघत आणि छत्री धरायला मला नेत. माझं लग्न ठरलं होतं, सासरी जायला अवकाश होता, आणि आईच्या मते मी उन्हात काळी पडणार होते. पण अण्णांना सोबत हवी होती. त्यांचा नियम सोपा होता. चैत्रातल्या दुपारी, ज्याला कुणी पाणी घातलेलं नाही असं जे झाड हिरवं दिसेल, तेवढंच बघायचं. रेल्वेच्या रुळांकडेला, नदीच्या कोरड्या काठावर, पडक्या देवळांच्या मागे आम्ही हिंडलो. ते पान खुडून माझ्या तळहातावर ठेवत. रुईचं पान जाड, वर पिठाचा हात फिरवल्यासारखं, आत चीक. निर्गुंडीचं खालून पांढरट. कण्हेरीचं अरुंद आणि चामड्यासारखं. तरवडाला तर सगळं रान करपलेलं असताना पिवळी धमक फुलं. विष्णुक्रांता जमिनीलगत पसरून निळे ठिपके उमटवत होती. कुणाचं पान जाड, कुणाचं बारीक, कुणी ते उन्हाकडे कडेने धरलेलं. अण्णा म्हणाले की ही झाडं पाणी मागत नाहीत असं नव्हे, आहे ते सांभाळतात. मग ते बोटांवर मोजायला लागले. रुई, कण्हेर, धोतरा, आघाडा, डोरली, बोर, बेल, विष्णुक्रांता. ही तर आपली पत्री. केवडा आणि माका सोडले तर यातलं कितीतरी कोरड्या मुलखातलं. दख्खनच्या माळावर जे उगवत होतं तेच तिथल्या लोकांनी देवाला वाहिलं असणार, आणि आपण ते इथे कावेरीच्या चिखलात आणून लावलं.

पट्टीश्वरमच्या वाटेवर एका उंच बांधावर ती शमी होती, जिचे डहाळे सगळी गल्ली तोडून आणायची. तमिळमध्ये तिला वन्नी म्हणतात. तिथे ती वन्नी म्हणूनच उभी होती, कुणावर रुसलेली दिसत नव्हती. अण्णांनी तिच्या बुंध्याशी वाकून काठीने माती उकरली. राखेसारखी कोरडी. ते खाली उतरले आणि तडक घरी निघाले.

वैशाख लागला होता. वैशाखात आमच्याकडे तुळशीवर गळती टांगतात. तिवईवर मातीचा घट, त्याला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी, आणि थेंब थेंब पाणी महिनाभर. हे पाणी पितरांना पोचतं. आमच्या गल्लीत ही गळती तुळशीबरोबर शमीवरही टांगत. शमी रुसलेली, म्हणून तिला जरा जास्तच. शिवाय तिला लावायचं ते न्हाणीघराच्या पाटाशी, म्हणजे वर्षभर तिची आबाळ होऊ नये. अण्णा परसात गेले, शमीवरचा घट उतरवला आणि पालथा घातला. आई मागच्या पडवीत कडुनिंबाची फुलं निवडत होती. तिने ते पाहिलं.

“वैशाखांत घट उतरवूं नये म्हणून तुमच्या आईनेंच मला सांगितलें होतें,” ती म्हणाली. “आतां पितरांस तहान लागली तर जबाब कोण देणार?”

“पितर दख्खनांतले. त्यांस तहानेची सवय असेल,” अण्णा म्हणाले. “ही शमी रुसली नव्हती हो. दोनशें वर्षें आम्ही तिला बुडवूं लागलों आहों.”

आई काही बोलली नाही, आणि मग पुष्कळ दिवस बोलली नाही. जेवण वाढायची, कापी, म्हणजे कॉफी, पुढे ठेवायची, पण शब्द नाही. घट तिने उचलून धुऊन तुळशीवरच्या घटाशेजारी टांगला. तुळशीवर दोन दोन गळत्या लागल्या, म्हणजे पितरांचा हिशेब चुकायला नको. अण्णांनी न्हाणीचा पाट दुसरीकडे वळवला. त्या पावसाळ्यात आमच्या शमीला, आमच्या घराण्यात कुणी पाहिली नव्हती अशी, नवी पालवी फुटली. आई रोज तिच्याजवळून जाताना नजर दुसरीकडे वळवायची. मला तेव्हा त्या दोघांची मौज वाटत होती. आता वाटतं, की देवाधर्माच्या बाबतीत आपण चुकलो हे मान्य करणं सोपं, आणि मायेच्या बाबतीत चुकलो हे मान्य करणं फार अवघड. आईने त्या झाडाला मायेने मारलं होतं. तिच्या सासूनेही तेच केलं होतं.

दुसऱ्या वर्षीची बाग अण्णांनी आधी पडवीच्या जमिनीवर मांडली, चिंचोके, मिरच्या आणि सुपाऱ्या घेऊन. मागे निर्गुंडी, रुई आणि धोतरा, म्हणजे करडा रंग, त्यापुढे तरवडाचा पिवळा पट्टा, मधे कण्हेर, लाल आणि पांढरी आळीपाळीने, वाटांच्या कडेला कोरफड, पायाशी विष्णुक्रांता. चार कोपऱ्यांत बहावा, कुंपणालगत शमी, बोर आणि बेल. हिरवळ नाही. आई लसूण सोलता सोलता बघत होती. पांढऱ्या कण्हेरीचा एक चिंचोका तिने बोटाने सरकवून लाल कण्हेरीपासून लांब ठेवला. न बोलताच. अण्णांनी तो तिथेच राहू दिला.

मोठ्या पावसाच्या तोंडाशी फाटे खोचले, बिया पेरल्या. मुळं धरेपर्यंत पाणी, त्यापुढे नाही, अशी गड्यांना ताकीद होती, आणि त्यांना ती पाळणं जड गेलं. आमच्या मुलखात रोपाला पाणी न घालणारा माणूस म्हणजे जवळजवळ खाटीक. कावेरी आटली तरी यंदा पिपांची गाडी माळावर चढली नाही. आणि फाल्गुन गेला, चैत्र गेला, तरी एकही झाड मेलं नाही. अण्णा दुपारी मुद्दाम जात आणि घामाघूम होऊन, आनंदाने परत येत. बहावा अजून कमरेएवढाही नव्हता, शमीची रोपं तर वीतभर. अण्णा म्हणत की ही बाग पाच वर्षांनी दिसेल. पण त्यांना पुढची पाच वर्षं आत्ताच दिसत असावीत, कारण ते बोलताना हात डोक्याच्या वर नेत.

साहेब डोंगरावर हवा खायला जायच्या आधी बाग पाहून गेला. मंडप घातला, केळीचे खांब लावले. अण्णांनी लग्नातला जरीचा अंगरखा काढला होता. मी आणि आई गाडीत बसून पडद्याआडून बघत होतो. साहेब उंच, सावकाश चालणारा आणि सभ्य माणूस होता. सगळ्या वाटा त्याने फिरून पाहिल्या. एका ठिकाणी वाकून विष्णुक्रांतेचं फूलही पाहिलं. मिरासदार मागे मागे चालत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. रुई आणि धोतरा म्हणजे मसणवटीतली झाडं, ती आपल्या खर्चाने लावली गेली हे त्याला तेव्हाच कळत होतं. फिरून झाल्यावर साहेब मंडपात आला, नारळपाणी प्यायला, आणि अण्णांकडे वळून मनापासून म्हणाला की जागा फार छान साफ केली आहे. मग त्याने विचारलं, लागवड कधी सुरू करणार?

दुभाष्याची गरज नव्हती. अण्णांना इंग्रजी उत्तम येत होतं. आम्हाला गाडीत यातलं काही ऐकू आलं नाही, साहेबाचे शब्द संध्याकाळपर्यंत गावभर झाले. अण्णांनी काय उत्तर दिलं ते पुढे कधी तरी मी त्यांनाच विचारलं, तेव्हा म्हणाले की मी ‘लवकरच’ म्हटलं. त्या रात्रीच्या जेवणात आंबट वरण होतं. अण्णा नेहमीसारखे जेवले, थोडा भात मागून घेतला. आईने तेव्हा इतक्या महिन्यांनी त्यांच्याशी पहिला शब्द काढला. म्हणाली, “तूप घ्या.” अण्णांनी घेतलं. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी मला आयुष्यात इतकं वाईट क्वचितच वाटलं असेल. पण ते रडले नाहीत, म्हणून मीही रडले नाही.

गिरणी आली. माळाच्या मधला भाग चुनखडी टाकून, ठोकून सपाट केला आणि त्यावर उकडलेलं भात वाळू लागलं. त्याचा वास वारा फिरला की गावात येई. अण्णा पुन्हा नकलांना लागले. माळाकडे ते जात नसत. कोर्टाची वाट त्या अंगाला नव्हती, एवढं कारण पुरे होतं. कासारांचा आवाज थांबला की ते परसातून आत येत, पूर्वीसारखे.

त्यानंतरच्या दुसऱ्या चतुर्थीची गोष्ट. घरची शमी हिरवीगार होती, पण आदल्या दिवशी शेजारच्या गाईने तिचे हाताला येणारे सगळे डहाळे ओरबाडून टाकले. पट्टीश्वरमची वाट पावसाने चिखलात गेलेली. आई म्हणाली, यंदा वीसच वाहू. अण्णांनी परडी उचलली आणि मला म्हणाले, “चल तुळजा, गिरणीकडे जाऊन पाहूं.”

गिरणीच्या दाराशी एक पहारेकरी होता, परगावचा, नवीन. अण्णांनी पूजेसाठी थोडा पाला हवा म्हणून सांगितलं. तो आम्हाला मागच्या अंगाला घेऊन गेला. कुंपणालगत आम्ही पाहिलं, तर शमी माझ्या खांद्यापर्यंत आली होती. बोर तिच्यात घुसली होती. तरवडाच्या बिया वाऱ्याने कुठे कुठे जाऊन कुंपणाबाहेरही पिवळं झालं होतं. कण्हेर लाल आणि पांढरी, रुई, निर्गुंडी, आणि पायाखाली निळे ठिपके. बहाव्याचं एक झाड गिरणीवाल्यांनी तोडलं होतं, तीन उभी होती. अण्णा तिथे उभे राहिले. पहारेकऱ्याला वाटलं की हा म्हातारा संकोचतोय.

“घ्या सामी, हवं तेवढं घ्या,” तो म्हणाला. “याला मालक नाही. हे कोणी लावलेलं नाही, आपोआप उगवलंय.”

अण्णांनी त्याला हात जोडले. मग परडीत शमी घेतली, बेल घेतला, आघाडा घेतला, आणि जे घरी होतं तेही घेतलं. येताना ते भराभर चालत होते, मला जवळजवळ पळावं लागलं. आई दारातच उभी होती. अण्णांनी परडी तिच्या हातात दिली आणि पहारेकरी काय म्हणाला ते सांगितलं. मग कपडे बदलून आले आणि पुन्हा सांगितलं.

“मग तुम्हीच लावलें म्हणून सांगितलें नाहीं कां?” आईने विचारलं.

“काय म्हणून सांगूं?” अण्णा म्हणाले. “आजोबांच्या बागेस सुद्धां कोणी असें म्हटलें नव्हतें.”

आईने परडी देवाजवळ नेली. पत्री एकेक वेगळी करून ताम्हनात मांडली, मोजली, एकवीस भरल्या. मग शमीचा सगळ्यांत कोवळा डहाळा तिने बाजूला काढला आणि गणपतीला वाहायच्या आधी तो आणून अण्णांच्या हातात दिला. पूजेला ते बसणारच होते, तेव्हा तो नाहीतरी त्यांच्याच हातून वाहिला जायचा. पण आईने तो हातात दिला होता, आणि अण्णा तो धरून बराच वेळ नुसते बसून राहिले.